खिडकीतला अजिंक्यतारा आणि फळ्यावरचा तास : वर्गात भरकटलेले मन परत आणण्याची रीत

साताऱ्यात शाळा शिकलेल्या अनेकांच्या तंद्रीत अजिंक्यतारा असतो. आमच्या वर्गाच्या खिडक्या दक्षिणेला उघडत असत आणि पावसाळ्यात बाकावर बसल्या बसल्या एक खेळ पाहायला मिळे: डोंगरावर ढग उतरू लागला की दूरदर्शनचा मनोरा आधी शेंड्याकडून, मग कमरेपर्यंत आणि शेवटी तटबंदीसकट नाहीसा होई. नववीत असताना भूमितीच्या तासाला सरांनी मला अचानक उभे केले, ‘मी आत्ता काय म्हणालो?’ असे विचारले आणि माझ्या तोंडून ‘मनोरा गेला, सर’ असे उत्तर निघाले. वर्ग हसला, मी उरलेला तास व्हरांड्यात काढला, आणि व्हरांड्यातून तर डोंगर अधिकच चांगला दिसत होता.

पुढे मी याच शहरात वीस-एक वर्षे विज्ञान आणि गणित शिकवले. फळ्याच्या या बाजूने पाहताना लक्षात आले की ‘लक्ष दे’ ही वर्गात सर्वाधिक वेळा दिली जाणारी आणि सर्वांत निरुपयोगी सूचना आहे. ज्याच्या हाताला काम नाही त्याचे मन दुसरीकडे काम शोधते. म्हणून लक्ष देण्याचा निश्चय करण्याऐवजी प्रत्येक तासाला एखादे छोटे, ठरलेले काम घेऊन बसणे आणि मन गेलेच तर परत येण्यासाठी खुणा ठेवणे, या दोन गोष्टी शिकाव्या लागतात. त्या कशा कराव्यात हे येथे क्रमाने लिहिले आहे. लेख मुख्यतः आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी शेवटी थोडे वेगळे लिहिले आहे.

पहिला आठवडा: फक्त ठिपके

सुधारणेला हात घालण्याआधी आपली तंद्री नेमकी केव्हा लागते हे पाहावे. त्यासाठी कच्च्या वहीचे शेवटचे पान पुरते. दर तासासाठी एक ओळ ठेवावी, ओळीच्या सुरुवातीला विषय लिहावा, आणि ‘अरे, मी भलतीकडेच होतो’ असे ज्या क्षणी जाणवेल त्या क्षणी एक ठिपका द्यावा. ठिपक्याशेजारी दोन-तीन शब्द पुरेत: फळ्यावर काय चालले होते आणि मन कुठे गेले होते. या आठवड्यात तंद्री मोडण्याचा प्रयत्न करायचा नाही, आणि ठिपके मोजून खट्टूही व्हायचे नाही. हार्वर्ड विद्यापीठातील मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढ माणसांना दिवसातून अधूनमधून फोनवर विचारले होते की, या क्षणी तुमचे मन हातातल्या कामात आहे की दुसरीकडे. ४६.९ टक्के वेळा ते दुसरीकडे होते. कमावत्या, संसारी माणसांची ही स्थिती असेल, तर लागोपाठ सात-आठ तास बाकावर बसणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

आठवड्याअखेर ते पान वाचताना बहुधा काहीतरी अनपेक्षित सापडते. दहावीतल्या एका मुलीने मला असे पान दाखवले होते. विज्ञानाचा कंटाळा येतो, अशी तिची तक्रार होती. पण सोमवारी आणि बुधवारी विज्ञानाच्या ओळीत एक-एकच ठिपका होता, आणि मंगळवार, गुरुवार, शुक्रवारी सहा-सहा, सात-सात. वेळापत्रक शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला: त्या तीन दिवशी विज्ञानाचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच होता. दुसऱ्या एका मुलाचे बीजगणितातले सगळे ठिपके तासाच्या मध्यावर, सरांनी पहिले उदाहरण सोडवायला घेतल्यानंतर सुरू होत. पहिलीचा प्रश्न पोटाचा आणि झोपेचा होता, दुसऱ्याचा गणिताचा. दोघेही त्याला कंटाळाच म्हणत होते.

कंटाळ्याची जात ओळखणे

मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट मांडली होती: काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे असले की कंटाळा येतो, फार अवघड असले की धास्ती वाटते, आणि मन रमते ते या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात. वर्गात मात्र धास्तीदेखील कंटाळ्याचे सोंग घेऊन येते, कारण धास्ती उराशी घेऊन चाळीस मिनिटे बसणे कोणालाच जमत नाही आणि मन आपली सुटका करून घेते. शिवाय ‘मला कळत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मला कंटाळा येतो’ म्हणणे चारचौघांत अधिक सोयीचे असते. माझ्या अनुभवात वर्गातला निम्म्याहून अधिक कंटाळा या जातीचा असतो, म्हणून त्याकडे आधी वळू.

वर ज्या मुलाचा उल्लेख आला त्याचे उदाहरण घेऊ. अंकगणिती श्रेढीचा पाठ चालू होता: २०, १७, १४ अशी पदे, आणि पंधरावे पद काढायचे. पहिले पद २०, प्रत्येक वेळी फरक उणे ३, आणि पंधराव्या पदापर्यंत चौदा उड्या. म्हणजे २० मध्ये १४ गुणिले उणे ३ मिळवायचे, २० मधून ४२ जायचे आणि उत्तर उणे २२ यायचे. सूत्र त्याला पाठ होते. तो अडत होता तो ‘वीसमधून बेचाळीस कसे जातील’ या जागी, जी गोष्ट दहावीची नसून पूर्णांक संख्यांच्या प्रकरणातली, तीन-चार इयत्ता मागची आहे. दर वेळी ऋण चिन्ह समोर आले की त्याचे मन खिडकीबाहेर जाई, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो बेफिकीर वाटे.

अशा कंटाळ्यावर वर्गात बसून उपाय होत नाही. मागे जावे लागते. ठिपक्यांशेजारचे शब्द वाचून धागा कुठे तुटतो ते शोधावे, ती गोष्ट कोणत्या इयत्तेत शिकवली होती ते एखाद्या शिक्षकांना विचारावे, आणि त्या इयत्तेच्या पुस्तकातला तेवढाच सरावसंच सोडवावा. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यामुळे धाकट्या भावंडाचे पुस्तक मागण्याची लाजही उरत नाही. या मुलाला ऋण संख्यांची तीसेक उदाहरणे पुरली होती. ती दोन रविवारांत झाली.

उलट जातीचा कंटाळा, म्हणजे सगळे आधीच येत असल्याचा, शिकवणी लावलेल्या मुलांत फार दिसतो: जे क्लासमध्ये गेल्या महिन्यात झाले तेच शाळेत आता चालू असते. अशा विद्यार्थ्याने उत्तराची वाट पाहत बसू नये. सरांनी एका रीतीने सोडवलेले उदाहरण दुसऱ्या रीतीने सोडवावे, किंवा त्याच धर्तीवर असे उदाहरण रचावे की शेजारचा हमखास चुकेल. उदाहरण रचणे हे सोडवण्यापेक्षा बरेच कठीण असते, हे पहिल्याच प्रयत्नात कळते.

आणि काही तास खरोखरच रटाळ असतात. गाईड हातात घेऊन वाचून दाखवणारे शिक्षक मीही पाहिले आहेत आणि एखाद्या थकलेल्या दुपारी मी स्वतः त्यांच्यापैकी एक झालो आहे. त्या तासाचे काय करावे हे पुढे येईल.

तासाआधी पाच मिनिटे, हातात एक प्रश्न

आदल्या रात्री किंवा शिक्षक वर्गात येण्याआधी पुस्तकातला पुढचा भाग चाळावा. तो वाचायचा नाही, चाळायचाच: शीर्षके, ठळक छापलेले शब्द, आकृत्या आणि शेवटचा स्वाध्याय. मग कच्च्या वहीत, त्या दिवसाच्या ओळीवर, एक प्रश्न लिहावा. ‘गुरुत्वाकर्षण म्हणजे काय’ असा प्रश्न नको. त्याचे उत्तर छापलेले आहे आणि त्याबद्दल तुम्हाला काही उत्सुकता नाही. प्रश्न असा हवा की ज्याच्या उत्तरावर मित्राशी वडापावची पैज लावता येईल.

तंद्रीचा विषय आणि तासाचा विषय यांची गाठ घालता आली तर फारच उत्तम. दहावीच्या विज्ञानातला पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि पृथ्वीच्या केंद्रापासून दूर जावे तसे गुरुत्व त्वरण कमी होते, असे त्यात येते. मग खिडकीतल्या किल्ल्याकडे पाहून खुशाल विचारावे: गावात ५० किलो भरणारा मी अजिंक्यताऱ्यावर किती भरेन? किल्ला शहरापासून ३०० मीटर उंच धरला आणि पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर घेतली, तर केंद्रापासूनचे अंतर एकवीस हजारांत एका भागाने वाढते. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे घट त्याच्या दुप्पट, म्हणजे साधारण दहा हजारांत एक भाग होते. ५० किलोंवर ती पाच ग्रॅमच्या आसपास येते. चढताना गळणारा घाम याहून कितीतरी जास्त असतो. पण एवढे गणित डोक्यात घेऊन जो बसला आहे, त्याच्या कानावर ‘अंतराचा वर्ग’ हे शब्द पडले की तो आपोआप मान वर करतो, कारण ते शब्द आता त्याच्या कामाचे असतात.

इतिहासाला, भूगोलाला, मराठीला हीच रीत चालते. मात्र दर तासाला एकच प्रश्न; चार लिहिले तर ते ओझे होते आणि तिसऱ्या दिवशी वही बंद पडते.

बाक

खिडकीजवळचा बाक सुटत असेल तर सोडावा, एवढेच. पुढच्या दोन रांगांत बसल्याने हुशारी वाढत नाही, पण शिक्षक आणि आपण यांच्यामध्ये हलणारी डोकी कमी होतात आणि मन भटकले तरी समोर फळाच दिसतो. बडबड्या मित्राशेजारी बसण्यापेक्षा तंद्री परवडते, असे माझे मत आहे. निदान ती दुसऱ्याचे नुकसान करत नाही.

शिक्षकांना मात्र या विषयावर जास्त सांगण्यासारखे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचे नाव साताऱ्याच्या ज्या शाळेच्या दप्तरात नोंदले गेले, ती आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या शाळेत आपल्याला कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसवले जाई आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे-आणावे लागे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तो अन्याय निराळा आणि फार मोठा होता, त्याची बरोबरी येथे करायची नाही. पण बसण्याची जागा मुलाला काय सांगते हे या गावाला माहीत आहे, आणि म्हणून ‘ढ’ मुलांना कायमचे शेवटच्या बाकावर पाठवताना निदान येथल्या शिक्षकाचा हात अडखळावा. आठवड्याला एक रांग पुढे सरकण्याची पद्धत सोपी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

वहीचे पान दुमडून

फळ्यावरचे जसेच्या तसे उतरवणे हे हाताचे काम आहे, त्यात मन लागत नाही. पानभर सुवाच्य अक्षर काढून झाल्यावर एक ओळही आठवत नाही, हा अनुभव सर्वांचा आहे. त्यावर जुना उपाय असा की पानाची डावीकडची दोन-तीन बोटे रुंदीची पट्टी दुमडून मोकळी ठेवावी. उजवीकडे शिक्षक सांगतात त्यातले मोजके लिहावे आणि दर सात-आठ मिनिटांनी डाव्या पट्टीत त्या मजकुराचे उत्तर येईल असा प्रश्न स्वतः लिहावा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात जी टिपणपद्धत रूढ केली, तिचा गाभा हाच आहे. पक्क्या वहीत असे चालत नसेल तर कच्च्या वहीत करावे. पक्की वही तपासणीसाठी असते, कच्ची आपल्यासाठी.

रटाळ तासासाठी आणखी एक गोष्ट सांगतो, जी वाचून काही शिक्षक रागावतील. २००९ साली जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी ४० जणांना एक कंटाळवाणा फोनसंदेश ऐकवला. त्यांतल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छोटे आकार रंगवायला सांगितले होते. नंतर अचानक विचारल्यावर रंगवणाऱ्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त माहिती आठवली. यावरून वहीत किल्ल्याचे बुरूज काढत बसावे असे मात्र कोणी समजू नये. चित्र काढायला विचार लागतो आणि तो विचार तासातूनच जातो. चौकोन भरणे, रेघा ओढणे यांना विचार लागत नाही. समासातले चौकोन भरावेत, चित्रे घरी काढावीत.

मन गेले, आता परत कसे यायचे

या सगळ्यानंतरही मन जाणारच. खरे कसब परतण्याच्या पहिल्या मिनिटात आहे, कारण तंद्री दोन मिनिटांची असते आणि तिच्यामुळे गेलेला तास चाळीस मिनिटांचा असतो. मुलगा भानावर येतो, फळ्यावर अनोळखी काहीतरी पाहतो, ‘आता काही कळणार नाही’ असे ठरवतो आणि उरलेला तास मुकाट्याने सोडून देतो. अभ्यास बुडतो तो येथे.

समरूपतेच्या प्रकरणात प्रमाणाचे मूलभूत प्रमेय चालू आहे असे समजा. तुम्ही भानावर आलात तेव्हा फळ्यावर एक त्रिकोण आहे, त्याच्या पायाला समांतर अशी एक रेषा आहे, आणि बाई म्हणत आहेत, ‘म्हणून या दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे समान.’ कोणते त्रिकोण, कशावरून समान, काहीच ठाऊक नाही. अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे शेजाऱ्याला ‘काय चाललंय?’ असे विचारायचे नाही. त्याने तोही हरवतो आणि दोघेही पकडले जातात. वहीत ठिपका द्यावा. मग फळ्याच्या डाव्या, वरच्या कोपऱ्याकडे पाहावे, कारण ‘पक्ष’ आणि ‘साध्य’ या ओळी तेथे अजून शिल्लक असतात. त्या दोन ओळी आणि आकृती उतरवावी. काय दिले आहे आणि कुठे पोहोचायचे आहे एवढे कळले की निम्मी वाट हातात आली. त्याखाली चार-पाच ओळींची जागा चौकट आखून रिकामी सोडावी, आणि चौकटीच्या खाली, बाई आत्ता जे वाक्य बोलत आहेत त्यापासून लिहायला सुरुवात करावी. मागचे पकडायला धावायचे नाही. जो मागचे पकडायला जातो त्याचे पुढचेही सुटते.

ती रिकामी चौकट हीच परतीची खूण. मधल्या सुट्टीत डबा उघडण्याआधी कोणाच्या तरी वहीवरून ती भरून घ्यावी, आणि भरताना उतरवू नये, त्यालाच विचारावे, ‘या ओळीवरून त्या ओळीवर कसे आलात?’ सांगणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो, म्हणून तो सहसा नाही म्हणत नाही.

प्रत्येक शिक्षकाच्या बोलण्यात काही ठरावीक शब्द असतात, जे तो वळण घेताना वापरतो: ‘आता समजा’, ‘म्हणजेच’, ‘हे अधोरेखित करा’, ‘बोर्डाला आलेलं आहे’. माझा शब्द ‘बरं का’ होता, असे मला एका माजी विद्यार्थ्याने नंतर सांगितले. तो उच्चारला की मागच्या दोन रांगा जाग्या होत. आपल्या प्रत्येक शिक्षकाचा असा शब्द शोधून ठेवावा. मन कितीही दूर असले तरी कान ओळखीच्या शब्दाला थबकतो.

हात वर करणे

प्रश्न विचारण्याची भीती बहुधा हसण्याची असते, आणि ‘सर, काही कळलं नाही’ या वाक्यावर वर्ग हसतोही, कारण त्यात प्रश्नच नसतो. त्याऐवजी हद्द सांगावी: ‘सर, तिसऱ्या ओळीपर्यंत समजले, चौथ्या ओळीत भागाकार कशाने केला?’ अशा प्रश्नावर कोणी हसत नाही, कारण निम्म्या वर्गाला तेच विचारायचे असते. वर्गात जमतच नसेल तर तास संपल्यावर व्हरांड्यात विचारावे. ग्रामीण भागातून येणाऱ्या काही मुलांना आपल्या बोलीची लाज वाटते. ‘कसं काय झालं त्ये’ असे विचारले तरी गणिताला काही फरक पडत नाही.

वरच्या पाच ग्रॅमच्या गणिताचा एक प्रसंग आठवतो. मी ते फळ्यावर सोडवून दाखवले तेव्हा शेवटून दुसऱ्या बाकावरचा, वर्षभर खिडकीत पाहणारा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘पण सर, आमच्या दुकानातल्या तराजूवर हे दिसणारच नाही.’ त्याचे वडील किराणा दुकान चालवत. दोन पारड्यांच्या तराजूत वस्तूचे वजन जेवढे घटते तेवढेच वजनमापाचेही घटते, त्यामुळे काटा मध्येच राहतो. फरक दिसेल तो स्प्रिंगच्या काट्यावर. वस्तुमान आणि वजन यांतला भेद मी त्या दिवशी शिकवणारच होतो. तो त्याने शिकवला.

घंटा झाल्यावर दोन मिनिटे

पुढचे शिक्षक येईपर्यंत वही बंद करून, डाव्या पट्टीतले प्रश्न तेवढे पाहून, उत्तरे मनात म्हणावीत. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये, स्वतःवरच वर्षानुवर्षे प्रयोग करून, विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वाधिक असतो हे दाखवले. म्हणून पहिल्या दिवसातली दोन मिनिटे परीक्षेआधीच्या अर्ध्या तासाहून मोलाची ठरतात. पुन्हा वाचण्याऐवजी आठवण्यावर माझा भर का आहे, हेही सांगतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांनी एका गटाला उतारा चार सत्रांत वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला एका सत्रात वाचून पुढची तीन सत्रे न पाहता आठवायला लावले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि आठवणाऱ्यांना ६१ टक्के. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि तीच फसवणूक असते.

झोप, डबा आणि एसटी

मेढा, परळी किंवा कोरेगावकडून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या मुलाला दुसऱ्या तासाला डुलकी लागली तर त्याला तंद्री म्हणू नये. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. रात्री साडेअकरापर्यंत रील पाहून पाचला उठणाऱ्याला ती साडेपाच तास मिळते, आणि उरलेली तो वर्गात वसूल करतो. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणे हा एकच नियम घरात पाळला तरी ठिपके कमी झालेले मी पाहिले आहेत. सकाळी नुसत्या चहावर निघू नये. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला जाण्याआधी तोंडावर पाणी मारून मैदानाला एक फेरी मारावी.

जेव्हा ती तंद्री नसते

फळ्यावरचे अंधुक दिसणारा किंवा एका कानाने कमी ऐकणारा मुलगा मागच्या बाकावर तंद्रीतच दिसतो, आणि त्याला स्वतःलाही कारण ठाऊक नसते. म्हणून डोळे आणि कान एकदा तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शासकीय व अनुदानित शाळांत येतात तेव्हा हे विचारता येते. वाढत्या वयाच्या मुलींमध्ये रक्तातले लोह कमी असल्याने सतत थकवा आणि सुस्ती जाणवणे फार आढळते. बारा वर्षांपुढील मुलीचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे, आणि शाळेत मिळणारी लोहाची गोळी बाकाखाली टाकू नये.

एक लक्षण पालकांनी आणि शिक्षकांनी विशेष ओळखावे. मूल बोलता बोलता मध्येच थांबते, दहा-पंधरा सेकंद कोऱ्या नजरेने पाहत राहते, पापण्या फडफडतात, हाक मारली किंवा खांद्याला हात लावला तरी भानावर येत नाही, आणि मग जणू काही घडलेच नाही अशा रीतीने पुढे बोलू लागते. हे दिवसातून अनेकदा होत असेल तर तो अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचा, एक प्रकार असू शकतो. साध्या तंद्रीतले मूल खांद्याला हात लावताच दचकून जागे होते. फरक येथे दिसतो. हा आजार औषधाने सहसा आटोक्यात येतो, त्यामुळे ओरडण्यात महिने घालवू नयेत. त्याचप्रमाणे घरी, खेळात आणि शाळेत, सगळीकडेच लक्ष टिकत नसेल आणि हे लहानपणापासून चालत आले असेल, किंवा पूर्वी रमणारे मूल अचानक गप्प आणि उदास झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

पालक आणि शिक्षक

पालकांनी संध्याकाळी ‘आज काय शिकवलं?’ असे विचारले की ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ‘आजचा तुझा प्रश्न कोणता होता आणि उत्तर मिळालं का?’ असे विचारावे. ठिपक्यांचे पान मात्र मुलाच्या परवानगीवाचून उघडू नये. ते एकदा शिक्षेचे कारण झाले की त्यावर खोटे ठिपके पडू लागतात.

शिक्षकांना मी स्वतःच्या चुकांवरून एवढेच सांगेन की ‘मी आत्ता काय म्हणालो?’ हा प्रश्न सोडून द्यावा. त्याने मूल अपमानित होते, जागे होत नाही. त्याऐवजी बाकाजवळून चालत जाऊन बोटाने वहीतली ओळ दाखवावी. आणि दर दहा-बारा मिनिटांनी खडू खाली ठेवून सगळ्यांना एका मिनिटात एक ओळ लिहायला सांगावी. तेवढ्याने हरवलेल्यांना परतायला वाट मिळते, आणि आपल्यालाही दम घेता येतो.

तंद्रीची वेळ

माणूस काही करत नसताना मेंदू स्वस्थ नसतो. विसावलेल्या मेंदूत काही भाग एकत्र काम करत राहतात हे मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले, आणि आठवणी जुळवणे, पुढचे बेत रचणे ही कामे त्या जाळ्याशी जोडलेली आहेत. त्यामुळे तंद्री समूळ काढून टाकायची नाही. तिला तिची वेळ द्यायची आहे. तासात मन जिथे गेले होते तो शब्द ठिपक्याशेजारी लिहिलेला असतोच. संध्याकाळी फोन घरी ठेवून साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत चालत जावे, कठड्यावर बसावे आणि त्या दिवसाच्या ठिपक्यांपैकी सर्वांत आवडता घेऊन तो हवा तेवढा लांबवावा. वही बरोबर नेऊ नये. ढग उतरत असतील तर छत्री न्यावी.